गृध्रगोमायुसंवाद : वचन आणि वक्ता

महाभारताच्या शांतिपर्वांत, आपद्धर्मप्रकरणीं, गृध्रगोमायुसंवाद नांवाचा एक अध्याय आहे. प्रचलित नीलकंठी पाठांत तो १५३ वा असून, भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराच्या चिकित्सक आवृत्तींत, म्हणजे कै. डॉ. श्रीपाद कृष्ण बेलवलकर यांनीं संपादिलेल्या शांतिपर्वांत, तो १४९ वा आहे. साहित्यशास्त्राचा ज्यास थोडाबहुत परिचय आहे त्यास हा अध्याय नांवानें तरी ठाऊक असतोच. कारण ध्वनीचीं उदाहरणें देतांना आलंकारिकांनीं त्याचा उल्लेख वारंवार केला आहे. परंतु आमचा अनुभव असा कीं, ज्यांस हा अध्याय नांवानें ठाऊक आहे त्यांपैकीं फार थोड्यांनीं तो अथपासून इतिपर्यंत वाचलेला असतो. आम्हीही बरींच वर्षें अशांपैकींच होतों. लहान मुलाच्या मृत्यूनें शोकाकुल झालेल्या मंडळींस शास्त्रवचनांनीं धीर देण्याची जी आपली जुनी चाल आहे, तिजविषयीं हा अध्याय काय सांगतो तें येथें पाहण्याचा विचार आहे.

प्रथम कथाभाग थोडक्यांत सांगतों. प्रचलित पाठांत युधिष्ठिर भीष्मांस विचारतो कीं, मेलेला मनुष्य पुनः उठल्याचें आपण कधीं पाहिलें किंवा ऐकिलें आहे काय. हा प्रश्न कोण विचारीत आहे हें विसरतां कामा नये. अभिमन्यूस चक्रव्यूहांत शिरावयास सांगणारा तोच, व द्रौपदीचे पांचही पुत्र एका रात्रींत ज्यानें गमावले तोही तोच. भीष्म उत्तरादाखल एक पुरातन इतिहास सांगतात. तारुण्यास न पोंचलेलें, कुळाचें सर्वस्व असें एक मूल मरण पावलें. त्याचे आप्त तें घेऊन स्मशानाकडे आले व या मांडीवरून त्या मांडीवर घेत रडत बसले. तो आक्रोश ऐकून एक गिधाड तेथें आलें आणि त्यांस म्हणालें कीं, मुलास येथें ठेवून लवकर घरीं जा. काळानें नेलेला कोणी परत आलेला नाहीं. संयोग आहे तेथें वियोग आहेच. सूर्य अस्तास चालला आहे. आप्तांस तें पटलें व ते निघाले. इतक्यांत एक काळा कोल्हा बिळांतून बाहेर आला आणि म्हणाला कीं, माणसें किती निर्दय! सूर्य अजून वर आहे. क्षणाक्षणाचें रूप निराळें असतें, मूल कदाचित् उठेलही. पशुपक्ष्यांस पिलांपासून कांहीं लाभ नसतां तेही त्यांस सोडीत नाहींत. आप्त परत फिरले. याप्रमाणें गिधाड त्यांस घरीं पाठवितें आणि कोल्हा त्यांस थांबवितो, असें कितीएक वेळां घडतें.

यांतील मर्म उघड आहे. गिधाडाचा अंमल दिवसा, कोल्ह्याचा रात्रीं. मंडळी उजेड असेतों गेलीं तर प्रेत गिधाडाचें. अंधार पडेतों थांबलीं तर कोल्ह्याचें. नवव्या शतकांत आनंदवर्धनानें ध्वन्यालोकाच्या तिसऱ्या उद्द्योतांत संपूर्ण प्रबंध व्यंजक कसा होतो हें सांगतांना या संवादाचें नांव घेतलें. मम्मटानें काव्यप्रकाशाच्या चौथ्या उल्लासांत गिधाडाचे दोन व कोल्ह्याचे दोन श्लोक उद्धृत करून प्रत्येकाचा अंतस्थ हेतु एकेका ओळींत सांगितला. महाराष्ट्रांत ज्यांनीं काव्यप्रकाश झळकीकरांच्या बालबोधिनीसह अभ्यासिला त्यांच्या कानांवर हे चार श्लोक निश्चित पडले असतील. अभिनवगुप्तानें लोचनांत हा अभिप्राय अखेर शांतरसांत विश्रांति पावतो असें म्हटलें आहे.

आलंकारिकांचें हें विवेचन चूक आहे असें आमचें म्हणणें नाहीं. तें अपुरें आहे इतकेंच. ज्या प्रबंधाच्या समग्रतेवर आनंदवर्धनाचा भर, त्याच प्रबंधाचे चार श्लोक कापून शिकविण्याची वहिवाट पडली. आणि मग विद्यार्थ्यास एवढेंच कळतें कीं, दोघेही लबाड होते. लबाड तर ते होतेच. परंतु त्यांच्या मुखीं कवीनें जीं वचनें घातलीं आहेत तीं लबाडीचीं नाहींत, हें संपूर्ण अध्याय वाचल्यावांचून ध्यानांत येत नाहीं.

गिधाडाचीं वचनें पाहा. मृत्यु सर्वांस आहे, देह पंचभूतांचा, पित्याचें कर्म पुत्र भोगीत नाहीं व पुत्राचें पिता भोगीत नाहीं, अश्रूंनीं, उसाशांनीं, दीर्घ रुदनानें मेलेला उठत नाहीं. यांतील एकही विधान अशास्त्र नाहीं. याज्ञवल्क्यस्मृतीच्या प्रायश्चित्ताध्यायाच्या आरंभींच सांगितलें आहे कीं, उदकदान करून पाण्याबाहेर आलेल्या व कोंवळ्या हिरवळीवर बसलेल्या आप्तांचा शोक वृद्धांनीं पुरातन इतिहास सांगून दूर करावा. मनुष्यजन्म केळीच्या खांबासारखा निःसार आहे हें त्यांस समजावावें. मग त्यांनीं लहान मुलांस पुढें घालून घरीं जावें व दाराशीं निंबाचीं पानें चावावीं. म्हणजे गिधाड जें करितें तें स्मृतीनें वृद्धांस नेमून दिलेलेंच कर्तव्य आहे. अध्यायाच्या शेवटाकडे भीष्म स्वतः सांगतात कीं, हे दोघे भुकेनें व तहानेनें व्याकुळ होते व शास्त्राचा आधार घेऊन बडबडत होते. शास्त्र खरें, आधार घेणारा भुकेला: कवीचें बोट येथें आहे.

येथें स्मृतींतील आणखी एक गोष्ट नमूद करणें अवश्य आहे. दोन वर्षांच्या आंतील मूल गेल्यास तें पुरावें, त्यास उदक देऊं नये, असें याज्ञवल्क्यवचन त्याच प्रकरणाच्या पहिल्या श्लोकांत आहे. दांत येण्यापूर्वीं गेलेल्याचें आशौच तात्काळ फिटतें, चौलापूर्वीं गेलेल्याचें एका रात्रींत. इतिहास सांगण्याचा विधि उदकदान केलेल्यांसाठीं आहे. तेव्हां अक्षरशः घेतल्यास, ज्यास उदकच नाहीं त्याच्या आईबापांसाठीं धीराचें वचनही नेमून दिलेलें नाहीं. आशौच एका रात्रीचें आहे म्हणून शोकही एका रात्रीचा असतो असें समजण्याची चूक मात्र स्मृतिकारांच्या माथीं मारूं नये. त्यांनीं आशौचाची मुदत सांगितली, शोकाची सांगितली नाहीं.

आतां कोल्ह्याकडे वळूं. त्याचेंही बोलणें सर्वस्वी पोकळ नाहीं. जो क्षीण झाला, ज्याच्यावर आळ आला, जो स्मशानाच्या वाटेस लागला, त्याच्यापाशीं आप्तांवांचून दुसरा कोणी उभा राहत नाहीं, अशा अर्थाचें त्याचें एक वचन आहे. व्यवहारांत याहून खरें वचन क्वचितच सांपडेल. पुढें मेलेला उठतो याचा पुरावा म्हणून तो दोन दाखले देतो: राजर्षि श्वेताच्या मुलाचा एक, आणि शंबूकाच्या वधानंतर रामामुळें ब्राह्मणाचें मूल उठल्याचा दुसरा. ही दुसरी कथा रामायणाच्या उत्तरकांडांतील असल्यामुळें, ती महाभारतकालीं रूढ होती असें दाखविण्यासाठीं इतिहासाचे अभ्यासक या श्लोकाकडे बोट दाखवितात. कथा त्या वेळीं लोकांच्या तोंडीं होती एवढें या श्लोकावरून निघतें. महाभारतकारास ती मान्य होती असें मात्र निघत नाहीं. कारण साक्षीदार कोल्हा आहे, आणि त्यास रात्र पडेतों माणसें थोपवून धरावयाचीं आहेत. एक मूल उठावें म्हणून दुसऱ्याचा शिरच्छेद झाला ही हकीकत जिच्या तोंडीं सहज शोभते अशा व्यक्तीच्याच तोंडीं कवीनें ती घातली आहे. बखरींतील मजकूर वाचतांना बखरकार कोणाचा आश्रित होता हें आपण आधीं पाहतों. तोच न्याय येथेंही लावला पाहिजे.

वचन तेंच, पण वक्ता निराळा, म्हणजे काय होतें हें पाहण्यास महाभारतांतच दुसरें स्थळ आहे. अनुशासनपर्वाच्या पहिल्याच अध्यायांत गौतमी नांवाच्या वृद्धेचा मुलगा सर्पदंशानें मरतो. अर्जुनक नांवाचा पारधी सापास बांधून आणतो व याला कसा मारूं असें तिला विचारतो. गौतमी म्हणते कीं, त्यास सोड, हा मेल्यानें माझा मुलगा उठणार नाहीं. साप मृत्यूवर दोष ढकलतो, मृत्यु काळावर, आणि काळ म्हणतो कीं मुलाचें कर्मच यास कारण. गौतमी तें मान्य करिते आणि आपणही असेंच कर्म केलें होतें असें म्हणून सर्वांस मोकळें करिते. सिद्धांत गिधाडाचाच आहे. पण तो जिचा मुलगा गेला तिनें स्वतः उच्चारला आहे, आणि तो उच्चारून तिला कांहीं मिळवावयाचें नाहीं. उलट एक जीव वांचवावयाचा आहे.

भागवताच्या सहाव्या स्कंधांत तर मृत मूलच बोलतें. चित्रकेतु राजाच्या तान्ह्या मुलास सवतींनीं विष दिलें. नारदानें त्या जीवास देहांत परत बोलाविलें, तेव्हां तो म्हणाला कीं, हीं माझीं कोणत्या जन्मींचीं आईबाप? तें ऐकून सर्वांचा शोक सुटला असें पुराणकार सांगतो. तत्त्वदृष्ट्या हें उत्तर निरुत्तर करणारें आहे. परंतु ज्यांनीं मूल गमावलें आहे त्यांपैकीं कितीजणांस आपल्या मुलाच्या तोंडून हा प्रश्न ऐकावासा वाटेल याची आम्हांस शंका आहे. महाभारतकारानें स्मशानांतील मुलास एक शब्दही बोलूं दिला नाहीं, यांत त्याचा विवेक दिसतो.

येथवर जें लिहिलें तें ग्रंथ पुढें ठेवून कोणासही लिहितां आलें असतें. आम्ही या अध्यायाकडे वळलों त्याचें कारण निराळें आहे, व तें सांगितल्यावांचून लेख प्रामाणिक होणार नाहीं.

आमचा एक मुलगा दीड वर्षाचा असतां ज्वरानें गेला. त्यास आतां चाळीस वर्षें होत आलीं. महिना पौषाचा होता. रीतीप्रमाणें त्यास नदीकांठीं पुरलें. आमचे एक वडीलधारे स्नेही, ज्यांस आम्ही शास्त्रीबोवा म्हणत असूं, ते त्या वेळीं बरोबर होते. त्यांनीं तेथेंच कांहीं श्लोक म्हटले व ऊन उतरण्यापूर्वींच आमचा हात धरून आम्हांस घरीं आणिलें. त्यांतले तीन श्लोक आम्हीं मागाहून त्यांच्याकडून उतरून घेतले व वडिलार्जित बाडाच्या एका कोऱ्या पानावर लिहून ठेविले. वर ‘शोकसमयीं म्हणावे’ एवढेंच लिहिलें. पुढें आठदहा वर्षें ते श्लोक आम्ही नित्य म्हणत असूं, आणि त्यांनीं आम्हांस खरोखरच धीर दिला.

एके दिवशीं एका परीक्षार्थी विद्यार्थ्यास काव्यप्रकाश सांगत असतां चौथ्या उल्लासांत त्या तिहींपैकीं दोन श्लोक समोर आले. खालीं मम्मटाचा शेरा होता कीं, हें दिवसा सामर्थ्य असलेल्या गिधाडाचें, माणसांस घालवून देण्यासाठीं केलेलें भाषण. ध्वनीचें उदाहरण म्हणून हें स्थळ आम्हीं पूर्वीं परीक्षेपुरतें वाचलेंही असेल. परंतु त्या दिवशीं पाठ तेथेंच थांबविला. शास्त्रीबोवा तोंपर्यंत निवर्तले होते, त्यामुळें त्यांस विचारण्याची सोय नव्हती. ज्या वचनांवर आपण दहा वर्षें श्रद्धा ठेविली तीं एका भुकेल्या पक्ष्याचीं निघावीं, याचा राग आम्हांस बरेच दिवस होता.

पुढें आमच्या घरांतून देवळांत पुराण ऐकण्यास जाणें होई, तेथें पुराणिकबोवांनीं हीच कथा लावली. त्या संध्याकाळीं घरीं आल्यावर ती एवढेंच म्हणाली : “तीं माणसें परत फिरलीं होतीं, पण पुन्हा माघारी गेलीं. तुम्ही ऊन असतांनाच परत आलांत.” ध्वनीचे सर्व भेद ज्यास मुखोद्गत, त्या आम्हांस या वाक्यास उत्तर देतां आलें नाहीं. आपलें मूल उठलें असतें असें तिला वाटत होतें काय, हें विचारण्याचाही धीर झाला नाहीं.

उत्तर मिळालें तें नदीवर होडी चालविणाऱ्या एका म्हाताऱ्याकडून. बोलण्याच्या ओघांत तो सांगूं लागला कीं, त्या दिवशीं तुम्ही सर्व गेल्यावर शास्त्रीबोवा कंदील व काठी घेऊन पुन्हा आले. त्या बाजूस तेव्हां कोल्हीं फार होतीं व तीं लहान मुलांचे खड्डे उकरीत. शास्त्रीबोवांनीं नदींतले धोंडे वाहून खड्ड्यावर रचले आणि पौषाच्या थंडींत उजाडेपर्यंत तेथें बसून राहिले. ही गोष्ट कोणापाशीं काढूं नको असें त्यांनीं त्यास बजावलें होतें. आम्हीं घरीं येऊन हें सांगितलें. “रात्रभर होते ना?” असें तिनें एकदां विचारलें. होते, असें आम्हीं सांगितलें. त्यानंतर तिनें तो विषय कधीं काढला नाहीं.

हें कळल्यावर आम्हीं तो अध्याय पुन्हा वाचला, आणि या खेपेस आमचें लक्ष शेवटाकडे गेलें. गिधाड व कोल्हा बोलून थकतात. आप्त मात्र कोणाचेंच खरें न धरतां तसेच रडत उभे राहतात. तेव्हां, प्रचलित पाठाप्रमाणें देवीच्या प्रेरणेनें, करुणेनें डोळे ओलावलेले शंकर तेथें येतात. आप्त म्हणतात कीं, या एकुलत्या मुलाला प्राण देऊन आम्हांसच प्राण द्या. शंकर हातांत पाणी घेऊन मुलास शंभर वर्षांचें आयुष्य देतात. आणि त्याचबरोबर त्या गिधाडाची व कोल्ह्याची भूकही कायमची नाहींशी करितात. विशेष हें कीं, रुद्रानें किंवा तशा दुसऱ्या देवानें वर दिला तरच हें मूल उठेल, असें पूर्वीं गिधाडच बोलून गेलेलें असतें. खरें वचन खोट्या हेतूनें बोललें तरी तें खरें व्हावयाचें राहत नाहीं.

भीष्म कथेचें तात्पर्य असें काढतात कीं, न कंटाळणें, दृढ निश्चय व देवाचा प्रसाद यांनीं फळ मिळतें. युधिष्ठिरास उभारी देण्यास हें योग्यच होतें. परंतु त्याचाही अभिमन्यु उठला नाहीं, आणि हें भीष्मांस ठाऊक होतें. कथेंतील पहिला वर ज्यांस मिळाला नाहीं अशांनीं या अध्यायांतून काय घ्यावें? आमच्या मतें दुसरा वर घ्यावा. शोक करणाऱ्याजवळ येऊन बोलणारा प्रत्येकजण थोडासा भुकेला असतोच. कोणास विद्वत्ता दाखवावयाची असते, कोणास प्रसंग लवकर उरकून घरीं जावयाचें असतें, तर कोणास आपल्याच श्रद्धेस टेंका हवा असतो. ती भूक गेली म्हणजे तींच जुनीं वचनें निर्मळ होतात. शास्त्रीबोवांनीं शब्द गिधाडाचे म्हटले आणि थांबले कोल्ह्यानें सांगितल्याप्रमाणें. भूक मात्र दोघांपैकीं कोणाचीच त्यांस नव्हती. श्लोक कोणाचे आहेत हें त्यांस ठाऊक होतें कीं नव्हतें हा प्रश्न आतां आम्हांस महत्त्वाचा वाटत नाहीं. हा अध्याय शांतरसांत विसावतो या अभिनवगुप्ताच्या म्हणण्याविरुद्ध आमची तक्रार नाहीं. परंतु त्या शांतीस वैराग्याबरोबर कोणीतरी जवळ थांबल्याचाही आधार लागतो, एवढी पुस्ती आम्ही जोडूं.

शेवटीं, ज्या वाचकांच्या संग्रहीं जुनीं बाडें व सुटीं पानें आहेत त्यांस एक विनंति. अशा बाडांतून वैराग्याचे, शोकनिवारणाचे श्लोक पुष्कळ आढळतात व बहुधा ते कोठून घेतले व कोणाच्या मुखींचे हें लिहिलेलें नसतें. महाभारताच्या पोथ्यांतून वक्त्याचें नांव व त्यापुढील ‘उवाच’ हें पद पुष्कळदां तांबड्या शाईनें लिहितात किंवा त्यावर गेरू फिरवितात. श्लोक उतरून घेणारा तीं दोन पदें गाळतो, आणि तेवढ्यानें गिधाडाचें वचन ऋषींचें होऊन बसतें. अशीं पानें हातीं आल्यास मूळ स्थळ शोधून वक्त्याचें नांव बाजूस टिपून ठेवावें. त्याचबरोबर, तें पान कोणी, कोणत्या प्रसंगीं लिहिलें याची कांहीं खूण असल्यास तीही पुसूं देऊं नये.

आमच्या बाडांतील त्या पानावर आम्हीं आतां तांबड्या शाईनें ‘गृध्र उवाच’ असें लिहिलें आहे. त्याखालीं, ते श्लोक आम्हांस ज्यांनीं म्हणून दाखविले त्यांचें नांव व ती तिथि काळ्या शाईनें लिहिली आहे. दोन्ही नोंदी खऱ्या आहेत, व पुढें हें पान ज्याच्या हातीं जाईल त्यानें त्या दोन्ही वाचाव्या अशी आमची इच्छा आहे.